मधली खुर्ची

“अजून खाली वाका. हनुवटी गुडघ्याच्या उंचीवर आली पाहिजे,” यशया म्हणाला, आणि साखर कारखान्याचे संचालक काकासाहेब धोतराचा सोगा कमरेला खोचून स्वतःच्या दिवाणखान्यात गालिच्यावर रांगायला लागले.

त्यांच्या खुर्चीत त्या वेळी एक खोका बसला होता. लाल मखमलीची, उंच पाठीची ती खुर्ची अकरा खुर्च्यांच्या रांगेत बरोब्बर मध्ये होती आणि तिच्यात काकासाहेबांशिवाय कुणी बसत नसे. आज तिच्यात यशयानं नगरहून टेम्पोत घालून आणलेला सागवानी खोका ठेवला होता. तोंडाला जाळीचं कापड, आत पंधरा इंची स्पीकर. बाजूला तबकडी फिरत होती आणि खोक्यातून पखवाजाचा नुसता खर्ज बाहेर पडत होता.

“हिथं?” काकासाहेबांनी कोपऱ्यातून विचारलं.

“काय ऐकू येतं?”

“ढोल बडवल्यावानी येतंय. लई झ्याक.”

“मग तिथं नाही. ढोल नकोय, पखवाज हवाय. पुढं सरका.”

काकासाहेब पुढं सरकले. यशया हाताची घडी घालून उभा राहिला. त्याला आतून बरं वाटत होतं आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तो कपाळाला आठ्या घालून होता.

पद्धत खरी होती, त्यात लबाडी नव्हती. खर्जाचा आवाज खोलीत सगळीकडे सारखा पसरत नाही. कुठं साचतो, कुठं पोचतच नाही. म्हणून खोका ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा, आपण खाली वाकून खोलीभर हिंडायचं, आणि जिथं खर्ज गोल आणि स्वच्छ ऐकू येईल ती जागा खोक्याला द्यायची. मग खोका तिकडं, माणूस खुर्चीत. फक्त हे रांगण्याचं काम मिस्तऱ्याचं असतं. आजवर दर ठिकाणी यशयाच रांगला होता. आज मात्र त्यानं गंभीरपणे सांगितलं होतं की ज्यानं रोज ऐकायचं त्याच्याच कानानं जागा ठरते, आणि काकासाहेबांनी ते खरं मानलं होतं.

सकाळी त्याला दीड तास ओट्याच्या पायरीवर बसवून ठेवलं होतं. मग चहा आला तो दांडी तुटलेल्या कपात, आणि तो कप कुठून आला हे यशयानं पाहिलं होतं. न्हाणीघराच्या बाहेरच्या कोनाड्यातून. नगरच्या मिशन कंपाउंडात वाढलेल्या माणसाला हा कोनाडा नवा नव्हता. मिशनच्या शाळेत शिकला, इंग्रजी सर्किट वाचायला लागला, पंधरा वर्षं तंबूतल्या थेटराबरोबर सगळा जिल्हा फिरला, तरी गावोगावचा तो कोनाडा काही चुकला नव्हता. मग त्याचं उट्टं काढायला यशयाकडे एकच जागा होती, आणि ती म्हणजे कान. बाकी सगळं तुमचं असेल, बंगला, ऊस, कारखाना. पण तुम्हाला ऐकू येत नाही. गाढवाला गुळाची चव काय, असं तो मनातल्या मनात म्हणायचा आणि काम करायचा.

काकासाहेब खिडकीखाली पोचले तेव्हा मागच्या दारात गोजरबाई येऊन उभी राहिली. ती काकासाहेबांची लांबची चुलत भावजय. नवरा गेल्यावर इथं आली आणि स्वयंपाकघरात राहिली. सगळे तिला वैनी म्हणायचे आणि मोलकरणीसारखी राबवायचे. तिनं रांगणाऱ्या दिराकडे पाहिलं, खुर्चीत बसलेल्या खोक्याकडे पाहिलं.

“भावजी, काय हरवलंय का?”

“काय न्हाई हरवलं! तुमी जावा तिकडं. न्हाईतर थांबा, ती खडीची टकटक बंद करायला सांगा कुनाला तरी. ऐकूच देत न्हाई धड.”

“आता त्यांनी काम बंद करावं व्हय? रस्त्याचं काम हाय त्ये. त्यावर खात्यात बिचाऱ्या.”

“मंग खिडकी लावा.”

“लावलीच हाय.”

यशयाला हसू आलं. खोलीत पखवाजाशिवाय कसलाही आवाज नव्हता. येताना त्यानं पाहिलं होतं, बंगल्यासमोरच्या रस्त्याला दुष्काळी कामावरच्या बायका डोक्यावर पदर घेऊन ओळीनं खडी फोडत बसल्या होत्या. पण ते तिकडं, रस्त्यावर. जाड पडदे, बंद तावदानं, आणि तरी ह्यांना टकटक ऐकू येते. दोन वर्षं पाऊस नाही, जनावरं चाऱ्यावाचून चाललीत आणि आपण घरात थेटर घालतोय, ह्याची टोचणी असेल, असं त्याला वाटलं. मग वाटलं, छे, एवढं कुठलं ह्यांचं काळीज.

“हिथं चांगलं येतंय बघा,” काकासाहेब खिडकीच्या थोडं अलीकडून म्हणाले.

यशयानं तिथं वाकून ऐकलं. जागा बरोबर होती. आंधळ्याचा दगड लागला म्हणायचा.

खोका जागेवर गेला. काकासाहेब गुडघे झाडत उठले आणि धाप लागली असतानाच पुन्हा संचालक झाले. त्यांचा एक पुतण्या बोटीवर नोकरीला होता. त्यानं जपानहून दोन स्पीकरांचा स्टिरिओ आणून दिला होता, आणि तो आल्यापासून काकासाहेबांना पंचक्रोशीत कुणाकडे नाही असं घरचं थेटर हवं होतं. समोरची भिंत चुन्यानं पांढरी करून घेतली होती. सिनेमाचं मशीन मुंबईहून आलं होतं. भिंतीच्या डाव्या-उजव्या अंगाला जपानी स्पीकर आणि डावीकडच्या खिडकीशी हा खर्जाचा खोका, अशी तिघांची मोट यशयानं बांधायची होती.

पण यशया एवढ्यासाठी आला नव्हता. काकासाहेब आणि त्यांचे भागीदार राहुरीत पक्कं थेटर बांधत होते, आणि तिथं आवाजाचं सगळं काम बघायला एक कायमचा माणूस घ्यायचा होता. तंबूतलं थेटर बंद पडून तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून यशया नगरच्या एका बोळात ट्रान्झिस्टरच्या तुटलेल्या तारा जोडत बसला होता. खाली पत्र्याचं टेबल, वर पत्र्याचं छप्पर. पंधरा वर्षं हजार-हजार माणसांना एका आवाजात बसवणाऱ्या माणसानं लोकांच्या बातम्यांची खरखर काढत बसावं, याची त्याला मनापासून चीड होती. राहुरीचं काम त्याला हवंच होतं. घरचं थेटर झकास लागलं तर ते तुमचं, असं काकासाहेबांनी निरोपातच कळवलं होतं.

“आता पुढं?” काकासाहेबांनी विचारलं.

“आता तिघांचे आवाज सारखे करायचे. मी खुर्चीत बसतो. तुम्ही बटणं फिरवा.”

“खुर्चीतच बसाया लागतंय?”

“ऐकणाऱ्याच्या जागेवरूनच आवाज लागतो, काकासाहेब. स्वयंपाकघरात बसून जेवणाची चव कळत नाही.”

काकासाहेबांना ते पटलं नाही, पण नाही म्हणायला कारणही सापडलं नाही. यशया मखमलीत बसला. मऊ होती. त्यानं दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टाकले आणि डोळे मिटले.

“रेडिओ लावा. दोन स्टेशनांच्या मध्ये काटा ठेवा.”

“मधी? मधी काय लागतंय? नुसती खरखर.”

“खरखरच हवी. गाण्यात कुठं बाई वरचा सूर लावते, कुठं तबला घुमतो. खरखर सगळीकडून सारखी असते. ती खोटं बोलत नाही.”

डाव्या स्पीकरातून खरखर आली. मग उजव्यातून. मग डाव्यातून. काकासाहेबांच्या बोटांत तीन अंगठ्या होत्या आणि त्या प्रत्येक वेळी बटणावर खटखट वाजत होत्या. सही करण्यापलीकडं ह्या बोटांना काही येत नसणार, असं यशयाला वाटलं.

“डावा वाढवा.”

“वाढवला.”

“अजून.”

“झाला.”

“अजून वाढवा हो. घाबरू नका, फुटत नाही तो. बास.”

काकासाहेब बटणांकडे वाकून बघत राहिले. “मिस्तरी, हे डावं सातावर गेलंय आन् उजवं चारावर हाय. आसं कसं?”

“आकडे जपानात लिहिले. खोली इथली आहे. कान सांगतो ते खरं.”

काकासाहेबांनी मान डोलावली. ह्या माणसाला काहीही सांगितलं तरी तो मान डोलावतो हे यशयाला दहा मिनिटांत कळलं होतं. मग त्यानं खर्जाचा खोका बसवला. बोटाच्या खुणेनं हळूहळू वाढवत नेला आणि एका जागी हात वर केला.

“हितं तर ऐकूच येईना,” काकासाहेब म्हणाले.

“येताच कामा नये. खर्ज वाजतोय हे कळायचं नाही. तो बंद केला की कळायचं, काहीतरी गेलं.”

“पन मिस्तरी, लोकांनी आल्यावर इचारलं पायजे ना, ह्यो एवढा मोठा खोका कशाचा म्हनून?”

यशयानं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. उत्तर द्यायची लायकीच नव्हती त्या प्रश्नाची. काकासाहेब आणखी काहीतरी म्हणाले, खिडकीकडे वळून, राहुरीच्या थेटराबद्दलच असावं. यशयाला शब्द नीट कळले नाहीत. हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला कोण काय करणार? तो गप्प राहिला. काकासाहेब मागं वळले आणि कौतुकानं म्हणाले, “मानी हाये तुमी, मिस्तरी. एका बोलन्यात हो म्हनत न्हाई.”

मग बाईच्या आवाजातली एक तबकडी लावली. स्टिरिओची, मुंबईची. काकासाहेबांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले, मान मागं टाकली आणि म्हणाले, “वा! वा मिस्तरी! समोर येऊन गाती की हो बाई!”

“डाव्या अंगाचं लई वरडतंय,” मागून गोजरबाई म्हणाली.

ती गेलीच नव्हती. दाराच्या चौकटीला टेकून, ओल्या हातांवर पदर गुंडाळून उभी होती.

यशया खुर्चीतल्या खुर्चीत वळला. “बाई, तुम्ही दारात उभ्या आहात. दारातून निम्मा आवाज बाहेर जातो. तिथलं ऐकणं ऐकणं नसतं.”

“दारातनं जातंय त्ये दोनीकडचं जातंय ना? मला ह्या अंगाचंच जास्ती येतंय. गानारी बाई मधी उभी ऱ्हायना. खिडकीकडं सरकून गाती.”

“वैनी, तुमाला काय कळतंय त्यातलं?” काकासाहेब म्हणाले. “नगरचा मानूस हाय. पंधरा वर्सं थेटर चालवलंय त्येंनी. जावा, भाकरी बघा.”

“भाकरी झाल्यात.”

ती हलली नाही. यशयाला राग आला. काकासाहेबांनी डोकं लावलं असतं तर एक वेळ चाललं असतं, मूर्खांचा त्याला सराव होता. पण चुलीपुढून उठून आलेली बाई त्याला आवाज शिकवते? तिला नुसतं गप्प करून भागणार नव्हतं. तिला पटवून गप्प करायचं, आणि तेही काकासाहेबांच्या समोर, असं त्यानं ठरवलं.

“बघा, बाई,” तो उठला. “चूक आहे की नाही हे काढायची एक साधी रीत आहे. मी खुर्ची फिरवून उलटा बसतो. डावा स्पीकर माझ्या उजवीकडं येईल, उजवा डावीकडं. काम बरोबर असेल तर उलटं बसूनही दोन्ही सारखे ऐकू येतील. काकासाहेब, खरखर लावा.”

तंबूतल्या थेटरात हाताखाली आलेल्या प्रत्येकाला त्यानं ही रीत शिकवली होती. नवीन माणसाचा कान कसा आहे ते ह्यात लगेच उघडं पडतं. स्वतःला असं तपासून बघायची गरज मात्र त्याला कधी वाटली नव्हती.

खुर्ची फिरली. आता त्याच्यासमोर दार होतं आणि दारात गोजरबाई. खरखर आली.

उजव्या कानावर ती अशी आदळली की त्यानं मान मागं घेतली. मग दुसऱ्या स्पीकरातली आली. ती डावीकडून, गोधडी पांघरून कुणी कुजबुजावं तशी.

“परत,” तो म्हणाला.

परत तेच झालं.

तारा उलट्या लागल्या, त्याच्या मनात आलं. मग वाटलं, जपानी माल, आत काहीतरी ढिलं असणार. मग काकासाहेबांची बोटं. “बंद करा,” तो म्हणाला. काकासाहेबांनी बटण दाबलं आणि खोली शांत झाली.

आणि त्या शांततेत यशयाला टकटक ऐकू आली.

बारीक, सारखी, एकापाठोपाठ एक. लोखंड दगडावर पडत होतं. पडद्यापलीकडून, खिडकीपलीकडून, रस्त्यावरून. आता खिडकी त्याच्या उजव्या अंगाला होती.

त्यानं सहज खाजवल्यासारखं करून उजव्या कानात बोट घातलं. खडी थांबली. बोट काढलं, खडी सुरू झाली. त्यानं पुन्हा एकदा तसं करून पाहिलं, आणि मग हात मांडीवर ठेवला.

तंबूतल्या थेटरात मशीनच्या खोलीत एक छोटा स्पीकर असायचा, चालवणाऱ्याला आवाज कळावा म्हणून. बाहेर इंजीन धडधडत असायचं, म्हणून यशया तो पूर्ण सोडायचा. पंधरा वर्षं, रोज दोन खेळ, डाव्या कानापासून वीतभर अंतरावर. कुणी बिघडवला नव्हता त्याचा कान. त्यानंच, आपल्या हातानं, उत्तम कामगिरी म्हणून.

आणि त्याला दीना आठवली, त्याची बायको. दोन वर्षं झाली, चर्चमध्ये बाकावर ती त्याच्या उजवीकडे येऊन बसायची. पूर्वी डावीकडं बसायची. डावीकडच्या खिडकीतून तिला वारा बाधत असेल, असं त्यानं धरलं होतं. घरात ती मोठ्यानं बोलायला लागली तेव्हा तो तिच्यावर ओरडलाही होता की मी काय बहिरा आहे?

समोर गोजरबाई त्याच्याकडे बघत होती. त्या नजरेत जिंकल्याचा आनंद असता तर यशयाला सोपं गेलं असतं. तसं काही नव्हतं. ती नुसती बघत होती, आणि तिनं ते बोटही पाहिलं होतं.

“काय झालं, मिस्तरी?” काकासाहेबांनी विचारलं. “सारखंच हाय ना?”

हो म्हणायला काहीच अडचण नव्हती. काकासाहेबांना फरक कळत नव्हता, कधी कळणारही नव्हता. भाकरी बघणाऱ्या बाईचं म्हणणं त्या घरात कुणी धरणार नव्हतं. राहुरीचं थेटर एका शब्दावर होतं.

“तारेचा जोड ढिला वाटतो,” यशया म्हणाला.

तो उठून डाव्या स्पीकरामागं गेला, वाकला आणि उगाच स्क्रू ढिला करून पुन्हा घट्ट केला. पाठ खोलीकडं होती म्हणून बरं झालं. तोंडावरचे भाव आवरायला त्याला थोडा वेळ लागला. मग त्यानं काकासाहेबांना बाजूला केलं, स्वतः बटणांशी उभा राहिला, बाईची तबकडी पुन्हा लावली आणि दाराकडे पाहिलं.

त्यानं काही विचारलं नाही. गोजरबाईनं पदरातून एक हात बाहेर काढला आणि चुलीतला जाळ कमी करायला सांगावं तसा खाली केला. यशयानं डावं बटण मागं घेतलं. हात अजून खाली गेला. साडेपाच. पाच. चार. हात थांबला, थोडा विचार करून इवलासा वर आला, आणि तिनं तो पुन्हा पदरात घेतला.

बटण साडेचारावर होतं. उजवं चारावर. यशयानं खिशातून लाल रंगाची बाटली काढली आणि दोन्ही बटणांवर आणि खोक्याच्या बटणावर बारीक खुणा केल्या. एक खूण वाकडी झाली.

“वा!” काकासाहेब म्हणाले. मान मागं, हात कमरेवर. “वा मिस्तरी! समोर येऊन गाती की बाई!”

तेच शब्द. यशयाला त्यांचा पूर्वी आला नव्हता इतका तिटकारा आला. ह्या माणसाच्या शाबासकीसाठी आपण सकाळपासून पायरीवर बसलो होतो. आणि लगेच, मागोमाग, त्याला स्वतःचा आला, आणि तो काकासाहेबांच्या तिटकाऱ्याहून मोठा होता.

हत्यारं पिशवीत भरून तो मागच्या पडवीत हात धुवायला गेला. वाकून तोंडावर पाणी मारत होता. मागं पावलं वाजली असतील, त्याला कळली नाहीत. गोजरबाई डावीकडून आली होती. ती त्याच्या पाठीमागून वळसा घालून उजवीकडं आली, उभी राहिली आणि मग बोलली.

“कवापासनं?”

यशयानं बाहीनं तोंड पुसलं. काय कवापासून, असं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तिच्यापुढं ते हास्यास्पद झालं असतं.

“आज कळलं,” तो म्हणाला.

“आज कबूल झालं म्हना. आमचं मालक धरनावर सुरुंग लावायच्या कामावर हुते. ह्यो कान गेल्ता त्यांचा. मला सा म्हैन्यांत उमगलं. त्यांनी वरीसभर कबूल केलं न्हाई. समदी दुनिया हळू बोलती म्हनायचे.” तिनं त्याच्यापुढं टॉवेल धरला. “मान वाकडी करून ऐकायचे, तुमी करता तशी.”

“मी मान वाकडी करतो?”

“आल्यापासनं.”

यशयानं टॉवेल घेतला. हात पुसले.

“मग पुढं काय केलं त्यांनी? कबूल केल्यावर?”

“कबूल केलंच न्हाई म्हनलं की. एक दिवस सुरुंग सुटायच्या आदीची शिट्टी त्या अंगानं झाली.” तिनं एवढंच सांगितलं आणि ती भांडी आवरायला लागली.

तेवढ्यात आतून घर हादरल्यासारखा आवाज आला. काकासाहेबांनी मोठं बटण शेवटापर्यंत फिरवलं होतं. गाणारी बाई किंचाळत होती, खिडकीची तावदानं खडखडत होती आणि खर्जाचा खोका फुटक्या ढोलासारखा धबधबत होता. यशयाच्या लाल खुणा केव्हाच मागं पडल्या होत्या. त्याला हसू यायला हवं होतं. एरवी आलं असतं.

तो आत गेला. त्याच्या मागोमाग गोजरबाई दारापर्यंत आली. काकासाहेब मधल्या खुर्चीत रेलून, पाय लांब करून बसले होते आणि मांडीवर ठेका धरत होते. यशयाला पाहून त्यांनी हात उंच केला आणि ओरडून सांगितलं, “मिस्तरी! राहुरीचं ठरलं! शुक्करवारपासनं या! मी भागीदारांस्नी सांगतो, मानूस न्हाई, नुसता कान हाय!”

यशया त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. राहुरीच्या थेटरात आठशे खुर्च्या लागणार होत्या. त्याला त्या सगळ्या दिसल्या, डाव्या अंगाला सरकून गाणारी बाई ऐकत बसलेल्या.

“काकासाहेब,” तो म्हणाला, “माझा डावा कान गेलाय.”

त्यानं ते स्पष्ट म्हटलं. आता झालं, असं त्याला वाटलं.

काकासाहेबांनी कानामागं हात धरला. “काय म्हनला?”

गाणं गर्जत होतं. एकदा म्हणायचं बळ त्यानं कुठून तरी आणलं होतं. ते वापरून झालं होतं. काकासाहेबांचा चेहरा खूश होता, मान ठेक्यावर डुलत होती, आणि ‘काही नाही, शुक्रवारी येतो’ हे वाक्य आयतं तयार होतं. ते मोठ्यानं ओरडायलाही सोपं होतं.

“काही न...”

गोजरबाई त्याच्या बाजूनं पुढं गेली. ज्या यंत्राला त्या घरात काकासाहेबांशिवाय कुणी हात लावत नव्हतं, त्याच्यापुढं ती उभी राहिली. एकदा वाकून तिनं बटणं नीट पाहून घेतली. मग मोठं बटण धरून ती ते मागं नेत राहिली, पार शेवटाला, खट् आवाज होईपर्यंत. गाणं गेलं. बाहेर रस्त्यावर खडी फुटत होती.

“वैनी!” काकासाहेब खुर्चीत ताठ झाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ओले हात पदराला पुसले, दोन पावलं मागं आली आणि यशयाच्या उजव्या बाजूला उभी राहिली.

“आता सांगा, मिस्तरी,” ती म्हणाली.